चष्मा बदलला तरी धूसरच दिसत होतं: बीपी आणि डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची एक केस

पार्श्वभूमी

पेशंट 38 वर्षांचे, दिवसभर कॉम्प्युटरसमोर काम, शुगर नाही, आईला बीपी. ओळख पटेल असं सगळं इथून काढून टाकलंय. आय ओपीडीत आले तेव्हा तक्रार एवढीच की तीन आठवड्यांपासून धूसर दिसतंय, डाव्या डोळ्याने जरा जास्त, आणि वाचताना ओळीतली मधलीच दोन-तीन अक्षरं पुसल्यासारखी होतात, नजर थोडी बाजूला नेली की परत दिसतात. डोकं दुखतं का विचारलं तर म्हणाले हो, पण ते स्क्रीनमुळे. कधी दुखतं तर सकाळी उठल्या उठल्या, मागच्या बाजूला, म्हणजे स्क्रीन उघडायच्या आधीच. त्यावर रोज एक पेनकिलर, कधी दोन, असं बरेच महिने चाललेलं.

बीपीचं विचारलं तर आधी "नाही" म्हणाले, मग बायको म्हणाली अहो असं काय करता, चार वर्षांपूर्वी ह्यांना गोळी दिली होती की. हेल्थ चेकअपमध्ये 150/96 निघालं होतं, गोळी सुरू झाली, तीन महिन्यांनी रीडिंग नॉर्मल आलं आणि ह्यांनी गोळी बंद केली, का तर बीपी बरं झालं. त्यानंतर पट्टा हाताला लागलाच नाही. हे इतक्या जणांचं होतं की मला आता आश्चर्य वाटत नाही, गोळीमुळे नॉर्मल आलंय हे गोळी लिहून देताना कोणी नीट बोलत नाही आणि पेशंटला तर गोळी सुटल्याचाच आनंद असतो.

आमच्याकडे यायच्या आधी एकदा नंबर तपासून झाला होता. अर्धा नंबर बदललाय म्हणून नवा चष्मा केला, दिसण्यात काडीचा फरक नाही, तर सवय व्हायला वेळ लागतो असं सांगितलं गेलं. पेशंटने दहा दिवस सवय व्हायची वाट बघितली.

तपासताना काय दिसलं

उजव्या डोळ्याने 6/12, डाव्याने 6/24, म्हणजे नॉर्मल नजरेला 12 आणि 24 मीटरवरून वाचता येतं ते ह्यांना 6 मीटरवरून. मग पिनहोल लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही एक काळी पट्टी असते, तिला बारीक भोकं, त्यातून चार्ट वाचायचा. नुसता नंबरचा प्रॉब्लेम असेल तर भोकातून अक्षरं साफ दिसायला लागतात आणि पेशंट एक-दोन ओळी खाली उतरतो. इथे दोन्ही डोळ्यांना काहीच फरक नाही, डाव्याने तर उलट आणखी अंधुक. म्हणजे भानगड चष्म्याची नाही, मागच्या पडद्याची किंवा डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची असणार, आणि दोन्हीकडे एकदम आहे तर शरीरात कुठेतरी काहीतरी चाललंय. मोतीबिंदू नाही, डोळ्याच्या आतलं प्रेशर 14 आणि 15, म्हणजे ठीक.

इथे पहिला निर्णय होता. नेहमीचा क्रम म्हणजे बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स घालायचे आणि पेशंटला बाहेर बसवायचं. ड्रॉप्सच्या आधी बीपी घ्यायचं ठरवलं, कारण सकाळची डोकेदुखी, सोडलेली गोळी आणि पिनहोलला दाद न देणारे दोन्ही डोळे हे तिन्ही एकत्र आलं की बीपी न घेता पुढे जाण्यात अर्थ नसतो. रीडिंग आलं 228/134. टेक्निशियन म्हणाली मशीन गंडलंय बहुतेक. शंका रास्त होती, दंड जाड आणि पट्टा लहान असला तर आकडा खोटा जास्त येतो. म्हणून मोठा पट्टा घेतला, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय खाली टेकवून, न बोलता बसवलं आणि हाताने मोजलं: 224/132. दुसऱ्या हातालाही जवळपास तेवढंच.

आता ड्रॉप्स कुठले, हाही प्रश्नच. बऱ्याच ठिकाणी बाहुलीसाठी जे ड्रॉप्स वापरतात त्यात ट्रॉपिकामाइडबरोबर फेनिलेफ्रिन असतं, आणि फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं, अंगात शोषलं गेलं तर बीपी आणखी चढू शकतं. 228 वाल्या माणसाला ते घालायचं काही कारण नाही. नुसतं ट्रॉपिकामाइड घातलं, बाहुली जरा हळू मोठी झाली पण बघायला पुरेशी झाली.

आत बघितलं तर दोन्हीकडे नसेचं तोंड, म्हणजे डिस्क, सुजलेली, कडा पुसलेल्या. तिच्या आजूबाजूला ज्योतीच्या आकाराचे रक्ताचे डाग, कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे ठिपके, आणि डाव्या डोळ्याच्या मॅक्युलाभोवती, म्हणजे पडद्याच्या मधल्या, वाचायला लागणाऱ्या भागाभोवती, पिवळ्या ठिपक्यांची अर्धवट चांदणी. ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, डाव्या मॅक्युलाखाली पाणी साचलेलं दिसलं, मधली अक्षरं पुसली जात होती ती ह्यामुळे. पण माझं लक्ष ह्याच्याइतकंच आर्टरींकडे, म्हणजे रक्त घेऊन येणाऱ्या वाहिन्यांकडे गेलं, त्या बारीक झालेल्या, वर उजेडाची रेघ रुंद आणि तांबूस, तांब्याच्या तारेसारखी म्हणतात तशी, आणि जिथे आर्टरी व्हेनवरून, म्हणजे रक्त परत नेणाऱ्या वाहिनीवरून जाते तिथे व्हेन दोन्ही बाजूंनी चेपलेली.

हे सगळं एकाच वेळी असण्याचा अर्थ काय

आख्ख्या शरीरात रक्तवाहिन्या न कापता थेट बघता येतात अशी मुख्य जागा म्हणजे रेटिना, डोळ्याचा मागचा पडदा. 1851 मध्ये हेल्महोल्ट्झने ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत बघायचं यंत्र, दाखवला तेव्हापासून डॉक्टर तिथे डोकावतायत, आणि 1939 मध्ये कीथ, वॅगनर आणि बार्कर ह्या तिघांनी बीपीच्या पेशंटचे डोळ्यांवरून चार गट, म्हणजे ग्रेड, पाडले. तेव्हा बीपीवर धड औषध नव्हतं, आणि डिस्क सुजलेल्या चौथ्या गटातले तीन वर्षांनी फक्त 6 टक्के जिवंत होते, पहिल्या गटातले 70 टक्के. डोळ्याच्या आजाराने कोणी मेलं नाही हे उघड आहे. डोळ्यात जे दिसत होतं तेच मेंदू, हृदय आणि किडनीत चाललं होतं.

रेटिनातल्या बारीक आर्टरी आपला प्रवाह आपणच सांभाळतात. वरून दाब वाढला की त्या आवळतात, म्हणजे पुढच्या केशवाहिन्यांवर तो दाब जात नाही. दाब वर्षानुवर्षं तसाच राहिला तर हे आवळणं कायमचं होतं, भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते, उजेड वेगळा परततो म्हणून ती तांबूस रेघ. क्रॉसिंगवर आर्टरी आणि व्हेन एकाच वेष्टणात असतात, आर्टरी कडक झाली की खालची व्हेन चेपली जाते, पुढे कधीतरी तिथेच व्हेन ब्लॉक व्हायचा धोका असतो. हे सगळं सावकाश होतं आणि त्यात दिसायला काहीच त्रास होत नाही, म्हणून कोणी येतच नाही.

दुसरा प्रकार घाईचा. दाब इतका चढतो की आवळून आवळून आर्टरीचं बळ संपतं, भिंतीला इजा होते आणि आतलं रक्त, पाणी, चरबी रेटिनात गळायला लागतं. काही बारीक आर्टरी बंदच पडतात, तिथल्या नसांच्या तंतूंमधली वाहतूक तुंबते आणि तो तुकडा फुगून पांढरा दिसतो, कापसाचा ठिपका म्हणतात तो हाच. मॅक्युलाभोवतीचे तंतू सायकलच्या आऱ्यांसारखे मधून बाहेर पसरलेले असतात, गळलेली चरबी त्यांच्यामध्ये साचते, म्हणून चांदणीचा आकार येतो. आणि रेटिनाच्या खालचा कोरॉइडचा थर, त्याच्या रक्तवाहिन्यांना स्वतःला सांभाळायची ही सोय तेवढी नाही, तिथून गळलेलं पाणी रेटिनाखाली साचतं.

तर ह्या पेशंटमध्ये चेपलेल्या व्हेन म्हणजे काही वर्षांचं बीपी, आणि रक्त, कापूस, सुजलेली डिस्क म्हणजे गेल्या काही आठवड्यांतला भडका. फोटो एकच आणि दोन तारखा त्यात. ह्याच गोष्टीने पुढचा एक वाद मिटवला.

कुठले पर्याय होते

दोन्ही डिस्क सुजल्या की डोळ्याच्या डॉक्टरच्या डोक्यात आधी येतं ब्रेन ट्यूमर किंवा मेंदूतलं प्रेशर, म्हणजे ताबडतोब एमआरआय, मग न्यूरोलॉजिस्ट, कदाचित पाठीतून पाणी काढणं. वाईट विचार नाही, पण ह्या माणसाला स्कॅनच्या रांगेत चार तास बसवायचं म्हणजे 228 घेऊन बसवायचं. एमआरआय हवा होताच, फक्त पहिला नको होता.

दुसरा पर्याय, गोळी लिहून द्यायची आणि आठवड्याने बोलवायचं. नुसतं बीपी जास्त आहे, बाकी कुठल्या अवयवाला ताजी इजा नाही, अशांच्या बाबतीत बरेचदा हेच बरोबर असतं, उगाच अॅडमिट करायची गरज नसते. इथे इजा डोळ्यासमोर होती.

तिसरा, आणि हा मला सगळ्यात घातक वाटतो, जिभेखाली कॅप्सूल फोडून पंधरा मिनिटांत बीपी पाडायचं आणि आकडा छान दिसला की घरी पाठवायचं. लोकांना हे फार आवडतं कारण आकडा डोळ्यासमोर उतरतो. पण ज्या आर्टरींना महिनोन्महिने उंच दाबाची सवय लागलीये त्यांना "नॉर्मल" दाब म्हणजे उपासमार. एकदम पाडलं तर सुजलेल्या नसेला रक्तच मिळत नाही, पेशंट 6/24 चा कायमचा आंधळा होऊ शकतो, शिवाय पॅरालिसिस, हार्ट अटॅक आहेतच.

चौथा पर्याय बायकोने सुचवला, "डॉक्टर, डोळ्यात इंजेक्शन देतात ना पाणी आटवायला, ते देऊन टाका." प्रश्न चुकीचा नव्हता, डायबेटिसच्या पेशंटला आम्ही देतोच. पण इथे पाणी गळतंय ते वरच्या दाबामुळे, दाब उतरला की बहुतेकदा आपोआप शोषलं जातं, आणि दाब तसाच ठेवून सुई टोचण्यात काही हाशील नाही.

राहिला पाचवा: आजच्या आज अॅडमिट, बीपी हळूहळू खाली, बाकी तपासण्या तिथेच.

काय केलं

फिजिशियनला फोन लावला. त्यांचं पहिलं म्हणणं, तरुण माणूस आहे, डोळ्याच्या भीतीने वाढलं असेल, उद्या सकाळी पाठवा, शांतपणे बघू. ह्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, दवाखान्यात बीपी वाढणारे पेशंट ते रोज बघतात. मी एवढंच म्हटलं की घाबरून बीपी वाढतं, पण घाबरून डिस्क सुजत नाही, रेटिनात रक्त सांडत नाही, आणि व्हेन चेपायला तर वर्षं लागतात. फोटो मोबाइलवर पाठवला. दोन मिनिटांत उलट फोन, पाठवा.

पेशंट मात्र तयार नव्हते. "डोळे दाखवायला आलो आणि अॅडमिट व्हा म्हणता?" त्यांना आकडा सांगून उपयोग झाला नाही, कारण आकड्याने त्यांना आजवर कधी काही दुखलं नव्हतं. मग स्क्रीनवर त्यांच्याच डोळ्याचा फोटो लावला, शेजारी नॉर्मल डोळ्याचा, आणि म्हटलं हे लाल डाग तुमच्या डोळ्यात आहेत, असेच किडनीत असतील तर दिसायची सोय नाही. थोडा वेळ बघत बसले, मग बायकोला म्हणाले ऑफिसात कळव.

अॅडमिट झाल्यावर शिरेतून औषध सुरू केलं आणि टार्गेट असं की पहिल्या काही तासांत सरासरी दाब साधारण 20 ते 25 टक्क्यांनीच उतरवायचा, त्याहून जास्त नाही. सरासरी दाब म्हणजे खालच्या आकड्याची दुप्पट अधिक वरचा, भागिले 3, ह्यांचा आला 165 च्या आसपास. म्हणजे तो 125 ते 130 पर्यंत आणायचा, पट्ट्यावर साधारण 170/105. संध्याकाळी एका नातेवाइकाने नर्सला धरलं की अजून 170 आहे, औषध वाढवा ना. ती ठाम राहिली हे बरं झालं. पुढच्या दोन दिवसांत गोळ्यांवर आणलं, नंतर काही आठवडे घेऊन नॉर्मलच्या जवळ.

बाकी रिपोर्ट: क्रिएटिनिन (किडनीचं काम कमी झालं की रक्तात वाढतं ते) 2.1, लघवीत प्रोटीन, पोटॅशियम कमी, इकोमध्ये हृदयाची भिंत जाड. एमआरआय दुसऱ्या दिवशी केला, ट्यूमर नाही, मेंदूतल्या शिरा मोकळ्या. इतक्या कमी वयात इतकं बीपी म्हणजे मागे दुसरं कारण आहे का ते शोधावंच लागतं, किडनीच्या आर्टरी, अॅड्रिनल ग्रंथी, हार्मोन, सगळं झालं. आर्टरी ठीक, हार्मोन ठीक, किडन्या किंचित लहान. आधी किडनी की आधी बीपी ह्याचं छातीठोक उत्तर किडनीच्या डॉक्टरांनी दिलं नाही आणि ते प्रामाणिक होतं. पेनकिलर मात्र त्याच दिवशी बंद केल्या, त्या बीपीही वाढवतात आणि अशा किडनीला तर विषच.

तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन 2.1 चं 2.5 झालं. घरचे हादरले, बीपी उतरतंय आणि किडनी बिघडतेय हे कसं. दाब उतरवताना असं थोडं वाढणं अपेक्षित असतं, किडनीलाही नव्या दाबाची सवय व्हावी लागते, पण हे आधी सांगून ठेवलेलं नव्हतं त्यामुळे एक रात्र सगळ्यांची वाईट गेली. औषधं तीच ठेवली, दोन आठवड्यांत 2 च्या खाली आलं.

मधला एक अवघड टप्पा

तीन आठवड्यांनी डोळे परत बघितले. डिस्कची सूज बरीच उतरलेली, रक्ताचे डाग फिकट, बीपी 142/90. पण डाव्या डोळ्यातली चांदणी आधीपेक्षा ठळक. आधी अर्धी होती, आता पूर्ण. पेशंटने दोन फोटो शेजारी ठेवून बघितले आणि चेहराच उतरला, वाढलं ना हे? दुसरीकडे कोणीतरी इंजेक्शन घ्या असं सुचवलंही होतं.

खरं तर ही सुधारणा होती. पाणी पटकन शोषलं जातं, चरबी जात नाही, पाणी आटलं की मागे राहिलेली चरबी आणखी दाट आणि पिवळी दिसते. ओसीटीवर मॅक्युलाखालचं पाणी निम्म्याहून कमी झालं होतं, त्यावरून ठरवलं की इंजेक्शन नाही, थांबायचं. ओसीटी नसतं तर हा निर्णय मला इतक्या सहज घेता आला नसता.

निकाल

सहा महिन्यांनी उजवा डोळा 6/6, डावा 6/9. कापसाचे ठिपके पहिल्या दोन महिन्यांतच गेले, चांदणीचे दोन-चार ठिपके उरलेत. डाव्या डिस्कचा एक भाग फिकट पडलाय आणि त्या डोळ्याने कमी उजेडात वाचायला त्रास होतो, तो राहणार असं त्यांना स्पष्ट सांगितलंय. चेपलेल्या व्हेन तशाच आहेत, त्या परत सरळ होत नाहीत. क्रिएटिनिन 1.7 वर थांबलंय, नॉर्मल नाही. तीन प्रकारच्या गोळ्या चालू, घरचं बीपी 125 ते 130 च्या दरम्यान.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी चार वर्षांपूर्वी गेली, 150/96 ला, पण त्यावर उपदेश करण्यात अर्थ नाही. मला जास्त खटकतो तो नंबर तपासण्याचा टप्पा. तिथे पिनहोल लावला असता तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं की चष्म्याने हे सुटणार नाही, आणि नव्या चष्म्यानेही 6/6 येत नाही तर पेशंटला सवय होईल सांगून सोडायचं नसतं, मागचा पडदा बघणाऱ्याकडे पाठवायचं असतं. तीन आठवड्यांतले दोन तिथेच वाचले असते, डाव्या डिस्कचा फिकटपणा कदाचित टळला असता, कदाचित नसता.

आमच्या ओपीडीतही बीपी "वाटलं तर" घेत होतो. आता डोकेदुखी असलेल्या आणि दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसणाऱ्या प्रत्येकाचं ड्रॉप्सच्या आधी घेतो, वय काहीही असो. आणि फेनिलेफ्रिन नसलेली बाटली टेबलावर वेगळी ठेवलीये, ऐनवेळी शोधावी लागत नाही.

ह्याचा अर्थ बीपीच्या प्रत्येकाने दर महिन्याला डोळ्याचा फोटो काढावा असा नाही, ते मला पटत नाही. थोड्या बारीक झालेल्या आर्टरी बघून पहिली ग्रेड की दुसरी ह्यावर दोन डॉक्टरांचं एकमत होत नाही, म्हणून तर बरेच जण आता चार ग्रेड सोडून सौम्य, मध्यम आणि मॅलिग्नंट (कॅन्सर नव्हे, डिस्क सुजलेला गंभीर प्रकार) असे तीनच भाग करतात. बीपी बरंच जास्त असेल, बरीच वर्षं बिनऔषधाचं गेलं असेल, सोबत शुगर असेल किंवा दिसण्यात बदल झाला असेल तर बघायलाच हवं.

रेफरल चिठ्ठी कशी लिहायची हेही ह्या केसनंतर बदललं. आधी आम्ही "हायपरटेन्सिव्ह रेटिनोपथी ग्रेड 4", म्हणजे बीपीने रेटिनाला झालेली चौथ्या गटातली इजा, एवढंच लिहून मोकळे व्हायचो. डोळ्याबाहेरच्या डॉक्टरला, त्यात रात्रपाळीच्या ज्युनियरला, त्या 4 चा अर्थ लगेच लागेलच असं नाही. आता चिठ्ठीत पहिली ओळ रीडिंगची असते, कुठल्या हाताला आणि किती वाजता घेतलं त्यासकट, दुसरी "दोन्ही डिस्कला सूज, रेटिनात ताजं रक्त", आणि तिसरी "आजच अॅडमिट करावं, बीपी एकदम पाडू नये". बाहुली ड्रॉप्सने मोठी केलीये हेही खाली लिहितो, नाहीतर पुढच्या कॅज्युअल्टीत टॉर्च मारून बाहुल्या हलत नाहीत म्हणून वेगळीच धावपळ सुरू होते.